गाडी पाण्यात घालण्याआधी तिचं नाक कुठं आहे ते बघा

पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या बेळगावात गाडी घेणारा जो तो एकच विचारतो, ग्राउंड क्लिअरन्स किती, म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून किती वर? जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याची वाट पायाखालची असल्यावर हे विचारणारच. पण पाण्यातून गाडी काढायची वेळ आली की तो आकडा फारसा कामाचा नसतो. तिथं प्रश्न एकच, इंजिन हवा ओढतं त्या नळीचं तोंड, म्हणजे गाडीचं नाक, जमिनीपासून किती उंच आहे? आणि बहुतेक हॅचबॅक, सेडानच्या माहितीपत्रकात हे छापलेलंच नसतं. थार, गुरखा या जीपसारख्या गाड्या. थारवाले ६५० मिलिमीटर पाण्यातून गाडी जाते म्हणून सांगतात, गुरखावाले ७०० सांगतात. मग ज्या गाड्या रोज खानापूर-बेळगाव करतात, मुलांना शाळेत सोडतात, त्यांचा आकडा का सांगत नाहीत? माझा राग आहे तो यावर.

बोनेट उघडून बघा. एअर फिल्टरचा काळा डबा दिसेल, त्यातून एक जाड नळी निघते. काही गाड्यांत ती रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर, ग्रिलच्या मागं संपते. ती त्यातल्या त्यात बरी. काहींत ती हेडलाइटच्या मागून मडगार्डच्या पोकळीत खाली उतरते, तोंड दिसतसुद्धा नाही. खाली थंड हवा मिळते, इंजिनाचा आवाज दबतो, ही कंपन्यांची कारणं खरी आहेत. पण बाहेरून लावलेल्या त्या ‘कोल्ड एअर इनटेक’ला माझा साफ विरोध आहे. मूळ डबा काढून उघडा फिल्टर बंपरच्या कोपऱ्यात, फॉगलाइटच्या मागं बसवतात. आपल्या भागातल्या जुलैत अशी गाडी रस्त्यावर काढूच नये.

कारण पाणी किती लागतं ते ऐका. १.२ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन धरा. एका सिलिंडरच्या वाट्याला ३०० सीसी. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे आतली हवा किती पटीनं दाबली जाते तो आकडा, ११ असेल तर पिस्टन वर पोचल्यावर उरते ती जागा ३० सीसी, म्हणजे खोकल्याच्या औषधाची दोन-तीन टोपणं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. तेवढं पाणी आत गेलं की पिस्टनला वर जायला जागाच उरत नाही, आणि मग पिस्टनला खालून ढकलणारा दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो. डिझेलचं कॉम्प्रेशन आणखी जास्त, त्यामुळं तिथं पाणी आणखी कमी पुरतं.

मावसभावाच्या गाडीचं इंजिन उद्यमबागेजवळच्या एका गॅरेजात उघडलं होतं, तेव्हा मी तिथं होतो. मिस्त्रींनी दोन रॉड कागदावर शेजारी शेजारी ठेवले. लांबून सारखेच वाटत होते. खाली वाकून बघितलं तर एक मधोमध किंचित मुरडलेला, जोडीदारापेक्षा जरासा आखूड. मग त्यांनी टॉर्च मारून सिलिंडरची भिंत दाखवली. वरच्या काठाला काजळीचा पट्टा असतो, त्या एका सिलिंडरमध्ये तो जास्त रुंद होता, कारण आखूड झालेल्या रॉडमुळं पिस्टन पूर्वीइतका वर पोचतच नव्हता. असा रॉड घेऊन गाडी काही दिवस चालतेही. नंतर कधीतरी हायवेवर तो तुटतो आणि इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर येतो.

आता आपल्याकडं सर्रास मिळणारा सल्ला. ‘पहिला गिअर टाक, जोरात रेस दे, नाहीतर सायलेन्सरमधनं पाणी घुसतंय बघ.’ पहिला गिअर बरोबर आहे. पण चालू इंजिन धूर बाहेर ढकलतच असतं, सायलेन्सरचं भय त्यामानानं कमी. जितकी रेस जास्त तितकी हवा जास्त ओढली जाते, आणि वेगानं पाण्यात शिरलं की बंपरसमोर लाट उभी राहते. उभ्या गाडीला जे पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत असतं तेच ग्रिलपर्यंत चढतं. त्यात समोरून बस किंवा टँकर आला तर त्याचीही लाट आपल्या नाकावर. म्हणून समोरचं मोठं वाहन आधी जाऊ द्यावं, मग माणसाच्या चालीनं, एका लयीत, मध्ये न थांबता गाडी काढावी. सिग्नलला आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होणारी गाडी असेल तर पाण्यात शिरण्याआधी ते बटण बंद करा.

हे सगळं साचलेल्या पाण्याचं. कल्लोळ-येडूर, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड हे बंधारे पाण्याखाली गेल्यावर नाकाची उंची विचारायचीच नाही. फूटभर वाहतं पाणी लहान गाडी उचलून नेतं. २०१९ आणि २०२१ ला यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं तेव्हा अख्खा पुणे-बेंगळुरू रस्ता बंद ठेवावा लागला होता, मग गावच्या बंधाऱ्याचं काय घेऊन बसलात. बॅरिकेड बाजूला सारून जाणाऱ्यांना पोलिसांनी अडवलं तर त्यांच्याशी हुज्जत घालू नका.

आणि गाडी पाण्यात बंद पडलीच तर सेल्फ मारू नका. एकदाही नाही. कमी वेगात बंद पडलेलं इंजिन पुष्कळदा धड असतं, रॉड वाकतो तो नंतरच्या सेल्फनं. न्यूट्रलला टाका, चार माणसं बोलवून ढकला, टो करून न्या. मिस्त्रींना सांगा, आधी एअर फिल्टर ओला आहे का बघा. ओला निघाला तर प्लग काढून इंजिन हातानं फिरवून पाणी बाहेर काढायचं, ऑइल दुधाळ झालंय का तेही बघायचं. साध्या विम्यात हे नुकसान बहुधा बसत नाही, इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं, आणि बंद पडल्यावर पुन्हा सेल्फ मारल्याचं दिसलं तर तिथंही दावा अडकू शकतो. पॉलिसीचा कागद आजच काढून वाचा.

एक विनंती. सुट्टीच्या दिवशी सपाट जागी गाडी उभी करून टेप घ्या आणि जमिनीपासून त्या नळीच्या तोंडाच्या खालच्या कडेपर्यंत मापा. तोंड सापडत नसेल तर ओळखीच्या मिस्त्रींना विचारा. मॉडेल, साल आणि उंची इंचात खाली लिहा. खानापूर, निपाणी, चिक्कोडी, बेळगाव, सगळीकडच्या गाड्या येऊ देत. यादी करून मी ती याच पोस्टला जोडतो, आणि तीच घेऊन शोरूमवाल्यांना विचारायला जाणार आहे.