निवडुंग म्हणजे पाण्याची टाकी नव्हे

शनिवारी भाचा हरिश्चंद्रगडावर निघालाय. पाणी किती घेतोस विचारलं, तर म्हणतो, "एकच बाटली, मामा. कमी पडलं तर निवडुंग आहेच की!" आणि मग तो फिरत असलेला मेसेज दाखवला. हात वर केलेल्या उंच निवडुंगाचा फोटो, खाली 'सहाराचा जलदाता'. खोडात शुद्ध पाणी, दर १०० वर्षांनी एक फांदी, आणि शेवटी: 'सह्याद्रीत तहान लागली तर आपलाही निवडुंग कापा.'

सहारा? फोटोतला निवडुंग सग्वारो आहे. तो अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात आणि मेक्सिकोच्या सोनोरात उगवतो, सहारात नाही. टूसॉनजवळच्या सग्वारो राष्ट्रीय उद्यानात मी त्यांच्यातून हिंडलोय. वाळूच्या टेकड्या शोधत गेलो आणि दिसला खडकाळ डोंगरउतार, त्यावर पार माथ्यापर्यंत हे खांब. एका पालो वेर्दे झाडाच्या सावलीत वाकून पाहिलं तर अंगठ्याएवढं पिल्लू. उद्यानाची माहिती सांगते की पहिल्या ८ वर्षांत ते जेमतेम इंच-दीड इंच वाढतं.

फांदीचं अर्धवट खरं. पहिली फांदी साधारण ५० ते ७० वर्षांनी फुटते, फार कोरड्या जागी १०० वर्षंही लागतात. काहींना ती कधीच फुटत नाही. फांद्या मोजून वय काढू नका.

आता पाणी. आहे, भरपूर आहे, मान्य. पाऊस पडला की खोडाच्या चुण्या पेटीच्या भात्यासारख्या फुगतात. पण ते पाणी गरात मुरलेलं असतं, तोटी सोडल्यासारखं वाहत नाही. गरात आम्लं आणि अल्कलॉइड असतात. पोट बिघडलं, उलट्या झाल्या, तर अंगात होतं तेही पाणी जातं. पिंपासारख्या एका बुटक्या निवडुंगाचा गर तिथले लोक अगदी नाइलाजाने पिळत, हे खरं. पण तो कोणता हे त्यांना ठाऊक होतं. सग्वारोचं म्हणाल तर तिथले तोहोनो ओओधाम लोक जूनमध्ये त्याच्याच वाळक्या फासळ्यांच्या लांब काठीने फळं पाडतात. परवान्याशिवाय तो तोडणं अ‍ॅरिझोनात गुन्हा आहे.

आणि ते शेवटचं वाक्य! ते लिहिणाऱ्याने आयुष्यात निवडुंगाची फांदी मोडली नसावी. आपला त्रिधारी निवडुंग, कुंपणाचा शेर, हे कॅक्टस नाहीतच. ते एरंडाच्या कुळातले. कापले की पाणी नाही, पांढरा चीक येतो. चिकाचा हात डोळ्याला लावू नको, हे गावात शेंबड्या पोरालाही सांगतात. डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते, काही काळ दिसेनासंही होतं. अशा वेळी गडावरून खाली कोण आणणार? आणि हा म्हणे प्यायचा! फड्या निवडुंग खरा कॅक्टस, पण तोही अमेरिकेतून आलेला. त्याची लाल बोंडं आम्ही कुसळं झाडून खायचो, तेवढंच.

भाच्याला सांगितलंय, तीन लिटर पाणी घे. त्याने नुसता अंगठा पाठवलाय. शुक्रवारी रात्री सॅक मी उघडून बघणार.