सात दिवसांत गुगलवर पहिले? त्या मेसेजला उत्तर

उन्हाळा तोंडावर आला की नागपूरच्या दुकानदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर वेबसाइटचा एक मेसेज फिरायला लागतो. कूलरवाले, केटरर, लॉनवाले, संत्र्याच्या रोपवाटिका, सगळ्यांकडे तोच. शब्द थोडेफार बदलतात, दावे तेच: सात दिवसांत गुगलच्या पहिल्या पानावर, लेखी गॅरंटी. शहरातल्या सगळ्या वस्त्यांची नावं साइटमध्ये भरून देऊ. हजार बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्या साइटवरून तुमच्या साइटकडे येणाऱ्या लिंका, फुकट. गुगलला जाहिरात दिली की साइट आपोआप वर येते. मजकूर इंग्रजीतच हवा, मराठी गुगलला कळत नाही. एकदा बनली की पुन्हा बघायचं काम नाही. आणि खाली पुढे पाठवणाऱ्याची स्वतःची भर असते, 'करून घ्या भाऊ, काम होते.'

मी वेबसाइट बांधतो आणि बांधलेल्या सांभाळतो. म्हणजे माझाही यात धंदा आहे, हे धरूनच वाचा. पण खाली जे सांगतोय त्यातलं बरंचसं गुगलने स्वतःच उघडपणे लिहून ठेवलंय, आणि उरलेलं तुम्हाला तुमच्या मोबाइलवर तपासता येईल.

आधी गॅरंटी. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असं गुगलच्या मार्गदर्शनात सरळ म्हटलंय. अशी हमी देणाऱ्यांपासून आणि गुगलशी खास संबंध असल्याचं सांगणाऱ्यांपासून सावध राहा, असंही. कामाचा परिणाम दिसायला साधारण 4 महिने ते 1 वर्ष लागतं, हा अंदाजही तिथलाच. मग लेखी गॅरंटी देणारा पळून का जात नाही? कारण तो ती पाळतो! तुमच्या दुकानाचं अख्खं नाव टाइप करतो, साइट वर येते, स्क्रीनशॉट तुम्हाला पाठवतो. त्या नावाचं दुसरं दुकानच नसेल तर वर दुसरं येणार कोण? पण ज्याला तुमचं नाव माहीत आहे ते गिऱ्हाईक तसंही येणारच होतं. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे असताना ज्याच्या कूलरचा पंप बंद पडलाय, तो तुमचं नाव शोधत नाही. तो 'कूलर रिपेअर' शोधतो. तिथे तुम्ही दिसता का, हे विचारा. आणि ते स्वतःच्या दुकानात बसून तपासू नका. अशा शोधात गुगल अंतर बघतं, त्यामुळे इतवारीत बसलेल्याला इतवारीतलंच दुकान वर दिसतं. त्रिमूर्तीनगरात राहणाऱ्या साळ्याला फोन करून शोधायला सांगा.

वस्त्यांच्या नावांचा दावा जरा सविस्तर घ्यावा लागेल, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्याने होतं. यात दोन प्रकार असतात. पहिला निरुपद्रवी: साइटच्या पोटात, लोकांना न दिसणाऱ्या 'कीवर्ड टॅग'मध्ये, कीवर्डची, म्हणजे लोक शोधताना टाइप करतात त्या शब्दांची, लांबलचक यादी टाकायची. शोधातला क्रम ठरवताना आम्ही हा कीवर्ड टॅग बघतच नाही, असं गुगलने सप्टेंबर 2009 मध्ये जाहीर केलं. त्यानंतर इतकी वर्षं लोक ही यादी विकताहेत आणि लोक ती विकत घेताहेत. दुसरा प्रकार वाईट: धरमपेठ, सदर, महाल, मनीषनगर, प्रतापनगर, प्रत्येक वस्तीसाठी एक पान, आणि सगळ्या पानांवर मजकूर तोच, फक्त वस्तीचं नाव बदललेलं. गुगलच्या नियमांत हा सरळ स्पॅममध्ये मोडतो. अशी पानं खाली ढकलली जाऊ शकतात, शोधातून काढलीही जाऊ शकतात. नावाच्या वेगवेगळ्या स्पेलिंगचीही भीती नको. 'नागपूर' दीर्घ लिहा की हिंदीतल्यासारखं ऱ्हस्व, एवढं ते यंत्र जाणतं.

मग त्या पानावर लिहायचं काय? जे गिऱ्हाईक फोनवर विचारतं तेच. कूलरवाल्याला रोज विचारतात: दहा बाय बाराच्या खोलीला किती मोठा कूलर लागेल? गवत लावू की हनीकोंब पॅड? बोअरच्या पाण्याने पॅडवर पांढरे क्षार चढतात, त्याचं काय करायचं? घरी येऊन गवत बदलायचे किती घेता, आणि एप्रिलमध्ये फोन केला तर किती दिवसांनी येता? एका पानावर या प्रश्नांची खरी उत्तरं, भावासकट, लिहिली तर ते पान वस्त्यांच्या त्या सगळ्या नकली पानांपेक्षा जास्त कामाचं ठरतं. भाव लिहायला सगळे घाबरतात, शेजारचा बघेल म्हणून. शेजाऱ्याला तुमचा भाव आधीच ठाऊक असतो, बावा.

आणि हे फेब्रुवारीत करायचं काम आहे. नवं पान गुगलला सापडून त्याची जागा ठरायला वेळ लागतो. मे महिन्यात लिहिलेलं पान पावसाळ्यात वर येऊन काय उपयोग?

हजार बॅकलिंक. या कल्पनेच्या मुळाशी खरी गोष्ट आहे. 1998 मध्ये गुगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात मांडलेली पद्धत हीच होती, की ज्या पानाकडे इतर चांगली पानं बोट दाखवतात ते महत्त्वाचं. मग लोकांनी बोटंच विकत घ्यायला सुरुवात केली. 2012 च्या एप्रिलमध्ये गुगलने पेंग्विन नावाचा बदल आणला आणि विकतच्या लिंकांवर वर आलेल्या साइट धडाधड खाली गेल्या. 2016 पासून तोच भाग मुख्य यंत्रणेत मिसळलाय, आणि अशा लिंका तिथे बहुतेकदा नुसत्या मोजल्याच जात नाहीत. म्हणजे फुकट मिळालेल्या हजार लिंकांची किंमतही फुकटच. तुम्ही ज्या कंपनीचे पंप विकता तिच्या साइटवरच्या विक्रेत्यांच्या यादीत तुमचं नाव आहे का? व्यापारी संघटनेच्या सदस्ययादीत? तिथे साइटचा पत्ता टाकून घ्या.

जाहिरातीचं एका वाक्यात: जाहिरात दिल्याने खालच्या, बिनपैशाच्या निकालात क्रम वाढत नाही, हे गुगल वर्षानुवर्षं सांगतंय. जाहिरात वाईट नाही, सीझनमध्ये द्याच, पण पैसे थांबले की ती थांबते.

आता 'मराठी गुगलला कळत नाही'. हा दावा मला सगळ्यात जास्त खटकतो, पण तो कुठून आला हेही समजतं. विदर्भात डीटीपीची, म्हणजे छपाईसाठी संगणकावर मजकूर जुळवण्याच्या कामाची, कित्येक वर्षं कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांत गेली. दुकानदाराकडे जुनं पत्रक असतं, वेबसाइटवाला त्यातलाच मजकूर उचलून साइटवर टाकतो. डोळ्यांना 'नागपूर' दिसतं, पण त्या फॉन्टमागे साठवलेली अक्षरं असतात यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे. यंत्र तेवढंच वाचतं. अशा साइटला गुगलवर मराठीतून कोणी शोधू शकलं नाही, आणि ठपका मराठीवर आला! मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर आपण मराठी टाइप करतो त्याच अक्षरांत, बदलून घेतला की हा प्रश्न संपतो. बदलून देणारी साधनं फुकट मिळतात, फक्त जोडाक्षरं आणि रफार नंतर डोळ्यांखालून घाला. दुसरी सवय म्हणजे मजकुराचा फोटो लावणं. सावजी भोजनालयाचं अख्खं मेन्यूकार्ड फोटोत असतं. पाटवडी रस्सा शोधणाऱ्याला ते सापडेलच याचा भरवसा नाही. फोटो ठेवा, पण खाली पदार्थ आणि भाव टाइप करून टाका.

भाषा कोणती, हे गिऱ्हाईक ठरवतं. आयटीतल्या पोरांना फ्लॅट भाड्याने देणाऱ्याने इंग्रजीत लिहावं, बरोबरच आहे. पण काटोलकडची संत्र्याची रोपवाटिका इंग्रजीत वेबसाइट करते तेव्हा प्रश्न पडतो की ही कोणासाठी? कलम जंबेरीच्या खुंटावर बांधलंय की रंगपूर लिंबूच्या, डोळा जमिनीपासून किती उंच आहे, भारी जमिनीत कोणतं टिकेल, डिंक्या रोग येऊ नये म्हणून लावताना काय काळजी घ्यायची, हे शेतकरी मराठीत विचारतो. इंग्रजीत या विषयावर भरपूर साहित्य आहे, मोठमोठ्या संस्थांचं आहे, आणि त्यांच्यापुढे तुमचं पान वर येणं कठीण. रोपवाटिकेच्या मालकाने रोज बांधावर जे सांगावं लागतं ते मराठीत लिहिलं तर स्पर्धा कितीतरी कमी. काऊन इंग्रजीच्या मागे लागायचं मग?

राहिलं 'पुन्हा बघायचं काम नाही'. साइट हे कूलरसारखंच यंत्र आहे, बंद ठेवलं तरी गंजतं. डोमेनचं, म्हणजे साइटच्या पत्त्याचं, नूतनीकरण विसरलं की पत्ता हातचा जातो आणि मुदत उलटून गेल्यावर कोणीही तो घेऊ शकतो. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकटचं सुरक्षा प्रमाणपत्र आतापर्यंत 90 दिवसांचं मिळत आलंय. ते आपोआप नवं होण्याची सोय मोडली तर गिऱ्हाइकाला पान उघडण्याआधी लाल इशारा दिसतो. साइट वर्डप्रेस या साइट बांधायच्या सॉफ्टवेअरवर असेल आणि त्याची प्लगइन, म्हणजे वरून जोडलेले भाग, जुनी राहिली की चोर आत शिरतात, आणि मालकाला खबरही नसते, कारण मुख्य पान जसंच्या तसं दिसतं. एक तपासणी आत्ताच करा. गुगलमध्ये इंग्रजीत 'साइट' लिहा, त्याला चिकटून कोलन (site:) आणि लगेच तुमच्या साइटचा पत्ता. गुगलकडे तुमची जी पानं आहेत त्यांची यादी येईल. त्यात जपानी अक्षरांतली दुकानदारी दिसली, तर साइट फोडली गेलीय. हा प्रकार इतका नेहमीचा आहे की गुगलने त्यावर वेगळं मार्गदर्शन लिहिलंय. आणि यादीत काहीच आलं नाही, तर वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये रीडिंग या भागात जा. सर्च इंजिनांना लांब ठेवणारी एक खूण तिथे असते. साइट बांधताना ती लावतात आणि सुरू करताना काढायची राहते.

नवी साइट करतानाचा घोळ याहून महाग पडतो. जुन्या पानांचे पत्ते बदलतात आणि जुन्यावरून नव्याकडे वळवण्याची सोय कोणी करत नाही. जुन्या पानाने कमावलेली जागा त्यात जाते. या सोयीला 301 रिडायरेक्ट म्हणतात. ते केलं का, एवढंच विचारा. ते काय असतं, असं समोरून आलं तर दुसरा माणूस बघा. साइट दाखवताना वेबसाइटवाला मोठ्या स्क्रीनवर दाखवेल, तुम्ही मोबाइलवर मागा. गुगलही मोबाइलचंच रूप वाचतं. 2016 मध्ये जाहीर केलेला हा बदल 2023 मध्ये पूर्ण झाला. पानावरचा मुख्य फोटो किंवा मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, ही गुगलची अपेक्षा. मोबाइलने काढलेला 5 एमबीचा फोटो तसाच चढवला तर ते होणे नाही.

या सगळ्यात मेसेजवाला जे सांगत नाही ते हे, की पुष्कळ दुकानांना वेबसाइट लागतच नाही. सकाळी तर्री पोहे विकून अकराला ठेला बंद करणाऱ्याला गुगल मॅपवरची नोंद, म्हणजे बिझनेस प्रोफाइल, पुरे: नेमकी जागा, खरी वेळ, लागणारा फोन, ताजे फोटो. ज्याच्या गिऱ्हाइकाला ठरवण्याआधी बरंच काही विचारायचं असतं, त्या लॉनवाल्याला, रोपवाटिकेला, कूलरच्या ठोक विक्रेत्याला स्वतःची साइट हवी, आणि ती स्वतःच्याच पत्त्यावर. मॅपवरच्या नोंदीसोबत गुगल एक छोटी वेबसाइट फुकट देत असे. मार्च 2024 मध्ये त्या सगळ्या बंद केल्या, आणि ज्यांनी तोच पत्ता कार्डावर छापला होता त्यांची कार्डं वाया गेली. नोंद मात्र अजून फुकटच आहे. ती करून देण्याचे पैसे कोणी मागितले तर द्या हवे तर, पण नोंदीत मालक म्हणून आणि डोमेन घेताना खातेदार म्हणून कोणाचा ईमेल टाकणार, हे पैसे देण्याआधी विचारून घ्या.