नो कॉस्ट ईएमआयचं काय?

पुण्यात कोंढव्यातल्या आमच्या खानदानात सध्या एकच वाद पेटलाय: भाच्यानं इंजिनिअरिंगच्या फीसाठी बँकेचं कर्ज काढावं की नाही? दुल्हाभाई, म्हणजे भाच्याचे अब्बा, म्हणतात, व्याज घेणं हराम तसं देणंही हराम. आपा, माझी बहीण, म्हणते, शिक्षणासाठी नाइलाज असेल तर सवलत असते. दोन्हीकडून मौलानांचे व्हिडिओ येत राहतात. क्वालालंपूरमध्ये बसून मी ते पाहतो आणि मला आठवतो तो भाच्याचा नवाकोरा फोन, त्याच्या थोरल्या भावाच्या क्रेडिट कार्डावर हप्त्यानं घेतलेला. त्यावर एकही व्हिडिओ आला नाही.

"नो कॉस्ट ईएमआय आहे मामू, व्याज कुठंय?" मी बिल मागवलं. व्याज होतंच. तेवढीच रक्कम ‘सूट’ म्हणून वजा दाखवलेली, आणि त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी मात्र पोराच्या खिशातून. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, असं रिझर्व्ह बँकेनं 2013 मध्येच बँकांना सुनावलं होतं. नाव बदललं आणि धंदा चालू राहिला.

मलेशियात सगळं आलबेल असेल, असं पुण्यात वाटतं. सोयी आहेतच. हजसाठी बचत करायची संस्था ताबुंग हाजी 1963 पासून, बँक इस्लाम 1983 पासून. सरकारी शैक्षणिक कर्जावर 2008 पासून व्याजाऐवजी ‘उजरा’, म्हणजे सेवाशुल्क, वर्षाला 1 टक्का. पण बुडवणारे इतके झाले, की त्यांना देशाबाहेर जायला बंदी घालावी लागली. ती 2018 मध्ये उठली. शरियतचा शिक्का लागला म्हणून फेडायची सवय लागत नाही. इथली कॉलेजची पोरंही ‘आधी घ्या, नंतर द्या’वर बूट घेतातच.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेनं इस्लामी, म्हणजे बिनव्याजी, बँकिंगचा प्रस्ताव 2017 मध्ये बाजूला ठेवला. त्याचं रडगाणं किती दिवस गायचं? शरियतच्या निकषांवर चालणारे म्युच्युअल फंड भारतात आहेत, पण पुण्यात आझम कॅम्पसच्या कॉलेज कट्ट्यावर त्यांची चर्चा मी तरी ऐकली नाही. पोरांचे पैसे जातात ते बिर्याणी, पेट्रोल, फॅशन स्ट्रीटवर. स्कॅन केलं की विसरलं.

खरं तर हिशेबाची शिस्त आपल्या घरातच आहे. जकातीसाठी, म्हणजे दरवर्षीच्या सक्तीच्या दानासाठी, साडेबावन्न तोळे चांदीचा निसाब, म्हणजे किमान मर्यादा, बघायचा, हाती काय आहे ते मोजायचं, देणं वजा करायचं, वर्ष उलटलं की अडीच टक्के काढायचे. पण पोरांना वाटतं, हे अब्बांचं काम. आपलं देणं किती, हे त्यांना कुणी विचारतच नाही.

शैक्षणिक कर्जावर फतवा देणं माझा प्रांत नाही. दुल्हाभाईंना एवढंच लिहिलंय: रमजानच्या आधी पोराला शेजारी बसवा, त्याचं तीन महिन्यांचं यूपीआय स्टेटमेंट उघडा आणि जकातीचा कागद त्याच्याकडूनच भरून घ्या. फीचं भांडण त्यानंतर.