संपांनी कंत्राटदार बुडवला, हे खरे नाही

मुंबईत बेस्टसाठी भाडेतत्त्वावर २७५ मिनी बस चालवणाऱ्या एम. पी. ग्रुप या कंपनीने ऑक्टोबर २०२२ मध्ये काम सोडले. तेव्हापासून समाजमाध्यमांवर एक युक्तिवाद फिरतो आहे : चालकांच्या संपांनी कंपनी बुडाली, त्यांच्या पगाराशी बेस्टचा संबंध नव्हता, आणि कंत्राटी बस स्वस्त पडत असल्याने बेस्टने स्वतःच्या बस बाळगणे सोडून द्यावे. यातले एकही विधान तपासणीत टिकत नाही.

पहिला मुद्दा संपांचा. २०२२ मध्ये वडाळा, वांद्रे, विक्रोळी या आगारांतील चालकांनी बस थांबवल्या त्या पगार वेळेवर मिळत नाही आणि भविष्यनिर्वाह निधी भरला जात नाही या तक्रारीवरून. म्हणजे पैशाची चणचण आधी होती आणि संप नंतर झाले. कंपनीनेही बाहेर पडताना तोट्याचेच कारण पुढे केले. या व्यवस्थेत बस, चालक आणि देखभाल कंत्राटदाराची असते, तिकिटाचे उत्पन्न बेस्टकडे जाते आणि कंत्राटदाराला धावलेल्या किलोमीटरमागे ठरलेला दर मिळतो. निविदा जिंकण्यासाठी तो दर खाली आणला, की पुढे वाढलेला खर्च भरून काढायला हाताशी उरतात त्या दोनच गोष्टी, चालकाचा पगार आणि गाडीची निगा. गाडीचा हप्ता थांबत नाही, पगार मात्र थांबवता येतो, आणि बस उभी राहिली की किलोमीटरचे पैसेही बंद होतात, शिवाय दंड बसतो. संपाने हा घसरगुंडीचा वेग वाढवला असेल, पण तिची सुरुवात त्याने केली नाही.

दुसरे विधान तर कायद्याच्याच विरुद्ध आहे. तेव्हा लागू असलेल्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम २१ नुसार कंत्राटदाराने वेतन थकवल्यास ते मुख्य मालकाने, म्हणजे काम करवून घेणाऱ्या संस्थेने (इथे बेस्टने), द्यायचे आणि नंतर कंत्राटदाराकडून वसूल करायचे असते. ज्यांच्या भरवशावर शहर प्रवास करते त्या चालकांना ‘ते आमचे कर्मचारी नाहीत’ असे सांगणे मला अन्यायाचे वाटते.

राहिला स्वस्ताईचा प्रश्न. किलोमीटरचा दर कमी दिसतो हे मान्य, परंतु कंपनी निघून गेल्यावर एकाच वेळी २७५ बस कमी झाल्या, त्याची किंमत त्या दरात कुठेच धरलेली नाही. ती थांब्यावर ताटकळणाऱ्या प्रवाशाने मोजली. जुलै २०१९ मध्ये किमान भाडे ५ रुपयांवर आणल्यावर बेस्टकडे प्रवासी परतले होते, त्यांना टिकवायचे तर बस वेळेवर येणे आवश्यक होते.

स्वतःचा ताफा सोडण्याचा सल्ला म्हणूनच सर्वांत घातक आहे. ताफ्यात स्वमालकीच्या ३,३३७ बस ठेवण्याचा करार जून २०१९ मध्ये कामगार संघटनेशी झाला होता. तो पाळला गेला नाही आणि जुन्या गाड्या मोडीत निघत गेल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये अनेक कंत्राटदारांचे चालक एकाच वेळी संपावर गेले, तेव्हा सेवा चालू ठेवण्यासाठी बेस्टला आपले कायम चालक आणि एसटीच्या बस रस्त्यावर आणाव्या लागल्या.