सत्कार आवरा, दहा वाजतायत

स्पष्टच लिहितो, कुणाला राग आला तर येऊ दे. आपल्या मुंबईच्या उपनगरांत होणाऱ्या संगीत महोत्सवांच्या मंचावरचे सत्कार बंद झाले पाहिजेत. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, 'जरा इकडे बघा' म्हणत काढलेले फोटो, सगळंच.

आम्ही मुलुंडला उघड्या मैदानात कार्यक्रम करतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर बंद. वर्षाला जास्तीत जास्त 15 दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस गणपती, नवरात्र, 31 डिसेंबर अशा सणावारांतच वाटले जातात. शास्त्रीय गाणं त्या रांगेत कुठे उभं राहणार? नियमाला माझा विरोध नाही. मैदानाला लागून इमारती आहेत, त्यांत आजारी माणसं आहेत, दहावीची पोरं आहेत. बंद सभागृहात ही अट नसते, हेही खरं. पण भाजीची पिशवी हातात घेऊन कुंपणाशी अर्धा तास ऐकत उभा राहणारा माणूस सभागृहाची पायरी चढत नाही, आणि मला तो श्रोता सोडायचा नाही.

म्हणजे हातात साडेपाच ते दहा. यात काय काय बसवायचं असतं, ते खुर्चीवरून दिसत नाही.

पोलीस ठाणं, महापालिकेचं वॉर्ड ऑफिस, अग्निशमन दल यांच्या परवानग्या आधीच खिशात असतात. त्या फेऱ्यांबद्दल पुन्हा कधीतरी. खरी झटापट त्या दिवशीची. रविवार म्हणजे लोकलचा मेगाब्लॉक. डोंबिवलीहून निघालेला तबलजी दोन तबले, डग्गा, हातोडी आणि पावडरचा डबा सांभाळत त्या गर्दीतून येणार. तो पोचेपर्यंत साउंड चेक लटकलेला. साउंडवाला आदल्या रात्री हळदीला डीजे वाजवून आलेला, मिक्सरवर बेस तसाच चढवलेला. त्याला तानपुरा ऐकू यायला हवा हे पटवण्यात पंधरा मिनिटं जातात. (पटल्यावर मात्र तोच माणूस गायिकेनं मान वळवायच्या आत मॉनिटर वाढवतो. सत्कार करायचाच असेल तर त्याचा करा.)

पहिले गायक काळी एकचे, पुढच्या गायिका काळी पाचच्या, म्हणजे दोघांची गाण्याची पट्टी वेगळी. मधे नुसती माणसं बदलत नाहीत, सगळा मंच नव्यानं सुरात आणावा लागतो. तानपुऱ्यांची जोडी वेगळी, तबला वेगळ्या तोंडाचा. त्यात जानेवारीतलं दव पडलं की तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, सुरात उतरते, फोकसखाली तापली की चढते. विंगेत लावून ठेवलेला तानपुरा मंचावर आल्यावर पुन्हा लावायचा. शांतपणे लावू दिला तर दहा-बारा मिनिटं. पण नेमका तेव्हाच निवेदकाला माईक सापडतो.

एका सत्काराला चार मिनिटं धरा. सहा सत्कार म्हणजे चोवीस मिनिटं, आणि त्यांतला एकजण हमखास 'दोनच शब्द' बोलतो. अर्धा तास गेला. अर्धा तास म्हणजे विलंबित एकतालातला, संथ लयीत रंगणारा एक अख्खा बडा ख्याल. तो कापला जातो कुणाचा? सगळ्यात शेवटी बसणाऱ्या, सगळ्यात ज्येष्ठ कलाकाराचा. ज्यांच्या नावावर पोस्टर छापलं, त्यांना आपण विंगेतून घड्याळ दाखवतो. दहाच्या बंधनानं मालकंस, दरबारी हे मध्यरात्रीचे राग आधीच आपल्या मैदानांतून गेले. 1953 साली सुरू झालेल्या पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या मैफली एके काळी पहाटेपर्यंत चालायच्या. ते दिवस परत येणार नाहीत, ठीक आहे. पण आठ-नऊला गायला मिळणारा बागेश्रीसुद्धा आपण शालींखाली गुदमरवायचा?

'मग पैसे कोण देणार?' हा प्रश्न दर मीटिंगला येतो, आणि तो खोटा नाही. मांडव, जनरेटर, साउंड, मानधनं हे सगळं पावती पुस्तकावर भागत नाही. पण माझा अनुभव असा की मोठी रक्कम देणारे बरेचजण मंचावर यायला उत्सुक नसतातच. उत्सुक असतात ते पहिल्या रांगेतल्या सोफ्यावरचे, ज्यांनी दिलेलं असतं फक्त आश्वासन, आणि जे सत्कार झाला की मध्यंतराच्या आत गाडीत बसतात. देणगीदारांची नावं स्मरणिकेत पहिल्या पानावर ठळक छापू, मैदानाच्या दारात फलक लावू, मध्यंतरात चहा-वड्याबरोबर कलाकारांशी त्यांची गाठ घालून देऊ. कुणाला शालच हवी असेल तर संध्याकाळी पाचला यावं, सतरंज्या घालताना देऊ.

कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत मी हा ठराव मांडणार आहे. दोघं-तिघं विरोधात आहेत, त्यांची नावं तुम्हाला माहीतच आहेत. बाकीच्यांनी कमेंटमध्ये नुसते अंगठे दाखवू नका, बैठकीला या आणि हात वर करा.