‘इंग्रजांचा पूल’ म्हणून हात जोडण्याआधी

गावच्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय. इंग्लंडहून म्हणे कंपनीचं पत्र आलं, ‘आम्ही बांधलेल्या पुलाची शंभर वर्षांची मुदत संपली, आता जबाबदारी तुमची’. सोबत आपल्या ओढ्यावरच्या जुन्या रेल्वेच्या दगडी पुलाचा फोटो, आणि खाली ‘याला म्हणतात काम’, ‘इंग्रजच बरे होते’ असले शेरे.

अहो, पत्र पाठवायला ती कंपनी उरलीय कुठं? आपला पूल बार्शी लाईट रेल्वेच्या लाईनवरचा. ती कंपनी १८९५ला लंडनमध्ये निघाली आणि १९५४ला भारत सरकारनं ती लाईन विकत घेऊन विषय मिटवला. आणि तिनं ही लाईन काही तुमच्याआमच्या मायेपोटी टाकली नव्हती. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) ही तेव्हाची मोठी रेल्वे बार्शीला बगल देऊन गेली होती, तालुक्याचा कापूस बैलगाडीनं स्टेशनावर न्यावा लागायचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं त्यातला धंदा हेरला. १८९७ला बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी गाडी सुरू झाली. मग इंग्रजी हद्द ओलांडून निजामाच्या मुलखात १९०७ला तडवळे आणि १९११ला लातूर.

माणूस हुशार होता, हे मात्र कबूल करायला हवं. रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. पण खरी अक्कल वजनाच्या हिशोबात होती. इंजिन असो की मालडबा, कुठल्याच आसावर, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यावर, पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. भार असा सारखा वाटला की हलके रूळ चालतात, आणि पूलही कमी खर्चात होतात. आपला पूल टिकला त्याचं पहिलं कारण हे. त्याच्या पाठीवर कधी मोठं ओझं पडलंच नाही. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, ती पंढरपूर-कुर्डुवाडी करत, बरीचशी याच जुन्या वाटेनं, पण नव्या रुंद रुळांवरून, आपल्या पुलावरून नव्हे. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, म्हणजे टाकीचे डबे, पाच लाख लिटर. म्हणजे एकेका वाघिणीत नुसतं पाणीच पन्नास टन, चार आसांवर. कॅलथ्रॉपनं हे स्वप्नातही धरलं नसेल.

दुसरं कारण बघायचं तर उन्हाळ्यात ओढा आटल्यावर कमानीखाली जाऊन उभं राहा. दगड आपलाच, काळा. प्रत्येकावर छिन्नीच्या तिरप्या रेघा अजून बोटाला लागतात. खाली निमुळता, वर रुंद असा पाचरीसारखा घडवलेला एकेक दगड, दोन्ही बाजूंनी लाकडी साच्यावर चढवत नेलेला, आणि मध्यावर कळीचा दगड ठोकून बसवलेला. साचा काढला की वरचं वजनच दगडांना एकमेकांत आवळून धरतं. आत गज नाही, म्हणून गंजायलाही काही नाही. सांध्यात चुना, त्याचे पांढरे ओघळ खालून स्पष्ट दिसतात. हे हात लंडनचे नव्हेत. आपल्याकडं असलं काम वडार आणि पाथरवट करत आले, आणि त्यांची नावं कुठल्याच फलकावर नसतात.

आता ‘इंग्रजांनी बांधलं म्हणजे पडतच नाही’ याबद्दल. बोरघाटातला जीआयपीचा दगडी कमानींचाच मोठा पूल १८६७ला कोसळला, बांधून काही वर्षंच झाली होती. आणि महाडचा सावित्रीवरचा पूल? तोही इंग्रजांच्या काळातला, तोही दगडी कमानींचा, १९२८चा. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पुरात गेला, दोन एसट्या घेऊन. तेव्हाच तर हा पत्राचा मेसेज जोरात फिरला. माणसं वाहून गेली आणि आपण पत्रं फॉरवर्ड करत बसलो. कमान वरच्या भाराला सहसा दबत नाही, ती खालून मरते. पुरानं पायथ्याची माती ओढून नेली, एक बाजू जराशी खचली की सगळी आवळणच सैल होते.

आपली अडीच फुटी छोटी लाईन गेली, त्याचं मला फार दुःख नाही. ती गाडी किती रखडायची हे ज्यांनी प्रवास केलाय त्यांना विचारा. २००७-०८मध्ये ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांची मोठी लाईन आली, धाराशिव शहर पहिल्यांदा लाईनवर आलं, फार चांगलं झालं. पण मार्ग बदलला तेव्हा जुन्या लाईनचे तुकडे वाऱ्यावर सुटले. आपल्या पुलावरचे रूळ उचलून नेले, पूल तेवढा राहिला. आता दुसऱ्या सांध्यात पिंपळ रुजलाय, मनगटाएवढा झालाय. तो वरून तोडून उपयोग नाही, मुळासकट मारून सांधा परत चुन्यानंच भरायला हवा. मध्यंतरी कुणीतरी हौसेनं एका बाजूला सिमेंट थापलं, तिथं आता ओल आत कोंडून दगडाचे पापुद्रे सुटायला लागलेत. मी एका कार्यालयात विचारायला गेलो, तर त्यांनी दुसरीकडं बोट दाखवलं, आणि दुसऱ्यांनी परत पहिल्यांकडं.

माझं म्हणणं साधं आहे. कौतुकाचे मेसेज नकोत. पिंपळ काढू, माती वाहून जाऊ नये म्हणून पायथ्याशी दगड रचून पिचिंग करू, आणि वरून शाळेच्या पोरांना पावसाळ्यात जायला वाट ठेवू. येत्या ग्रामसभेत मी विषय मांडणार आहे. आणि हो, कठड्याचे काही दगड निघालेत. बाकीचा कठडा काळा पडलाय, तिथं मात्र ताजा राखाडी दगड उघडा दिसतो. ते कुणाच्या गोठ्याच्या पायरीला लागलेत हे सगळ्या गावाला माहीत आहे. नाव लिहीत नाही. ग्रामसभेच्या आत परत आणून ठेवले तर बरं होईल.