वॉश, लाल डगले आणि 'गटाराचं पाणी': एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

टेबलावर खेळायच्या असईच्या लढाईसाठी इंग्रज फौजेतल्या 74व्या आणि 78व्या हायलँडर (स्कॉटिश) पलटणींच्या 28 मिलिमीटरच्या फिगर, म्हणजे छोटे शिपाई, कसे रंगवायचे, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय: "वॉश म्हणजे आळशी माणसाचा शॉर्टकट. अंगावर गटाराचं पाणी ओतल्यासारखे शिपाई दिसतात. आधी लेयरिंग शिका, मग दुसऱ्यांना शिकवा." (वॉश म्हणजे चुणीत उतरून सावली पाडणारा पातळ रंग; लेयरिंग म्हणजे एकावर एक थर चढवत उजेड आणणं.) शिवाय फेसिंगचा, म्हणजे डगल्याच्या कॉलर-मनगटाचा रंग, बेसचं, म्हणजे फिगरच्या पायाखालच्या तळाचं माप आणि प्लॅस्टिकपेक्षा धातूच्या फिगर सरस, हेही सुनावलंय.

टीकेला माझी ना नाही. पण 'आधी शिका' ही कुठली बोलायची पद्धत? इथे पहिलीच पलटण रंगवायला घेतलेली मुलं येतात. त्यांनी हे वाचलं तर ती ब्रश खाली ठेवतील. इतकी वर्षं मी दोन्ही पद्धतींनी पलटणी रंगवत आलोय. वॉश कुठे चालतो आणि कुठे नाही हे मला कळत असेल, एवढं तरी गृहीत धरायचंत.

आता ते गटाराचं पाणी. फिगर मळकट दिसते ती वॉश चुकीच्या जागी, चुकीच्या पृष्ठभागावर लावल्यामुळे. मॅट रंगाचा पृष्ठभाग खरखरीत असतो. त्यावर वॉश थेट लावला की रंगाचे कण जागच्या जागी अडकतात आणि अख्खा डगला एक छटा काळा पडतो. म्हणून मूळ रंग पूर्ण वाळल्यावर ग्लॉस व्हार्निशचा एक पातळ हात द्यायचा. मग वॉश उंच भागावरून निसटून चुणीत उतरतो. लालावर काळा वॉश लावूच नये, लाल मरतो. तपकिरी घ्या. मी आर्मी पेंटर कंपनीचा स्ट्राँग टोन हा तपकिरी वॉश आणि मॅट मीडियम (रंग पातळ करायचं बिनरंगी द्रव्य) निम्मे-निम्मे मिसळतो. नुसतं पाणी घातलं तर थेंब कडेने आधी वाळतो, आतलं पाणी रंग घेऊन कडेकडे सरकतं आणि पाठीवर गोल डाग उमटतो. तुम्ही ज्याला गटार म्हणता तो बहुतेक वेळा हा डाग असतो.

कोपराची आतली बाजू बघा. वॉश तिथे हमखास साचतो. लावल्या लावल्या स्वच्छ, ओलसर ब्रशचं टोक त्या थेंबाला टेकवायचं, जास्तीचा वॉश ब्रश ओढून घेतो. एका वेळी दोनच फिगर घ्याव्यात, तिसरीकडे वळेपर्यंत पहिलीवरचा थेंब वाळायला लागलेला असतो आणि मग हात लावला की साल निघते.

आणि छातीवरचे पांढरे आडवे पट्टे, क्रॉसबेल्ट? ते वॉशच्या आधी रंगवायचेच नाहीत, हे लेखात ठळक लिहिलंय. या मापात पट्टा जेमतेम मिलिमीटरभर रुंद असतो. त्यावर तपकिरी वॉश गेला की नंतर कितीही पांढरा चढवा, पिवळट झाक राहते. वॉश वाळल्यावर पट्टा फिकट राखाडी रंगवायचा आणि मधोमध पांढरा ओढायचा. दोन्ही कडांना केसाएवढी राखाडी रेघ उरली की पट्टा डगल्यापासून सुटा दिसतो. वॉशनंतरचं हे काम लेयरिंगच आहे. खांदे, बाहीचा वरचा भाग आणि चुणीची धार इथे मूळ लाल पुन्हा लावायचा, तेही लेयरिंगच. लेख शेवटपर्यंत वाचला असतात तर 'लेयरिंग शिका' म्हणायची वेळ आली नसती.

डगले गडद का, हा तुमच्या वाक्यातला खरा मुद्दा, म्हणून त्याचंही उत्तर देतो. साध्या शिपायाचा डगला मंजिष्ठेने रंगवलेल्या कापडाचा, विटकरीकडे झुकणारा. झगझगीत स्कार्लेट अधिकाऱ्यांच्या आणि सार्जंटांच्या अंगावर. म्हणून शिपायांना व्हॅलेहो कंपनीचा फ्लॅट रेड (बाटलीचा क्रमांक 70.957) दोन भाग आणि कॅव्हलरी ब्राऊन (70.982) एक भाग, अधिकाऱ्यांना स्कार्लेट (70.817). इंग्रज सेनापती वेलस्लीची फौज एप्रिल 1803 मध्ये पुण्यात आली, ऑगस्टमध्ये तिने अहमदनगरचा किल्ला घेतला आणि 23 सप्टेंबरला केळणा नदी उतरून ती असईला लढली. अख्खा पावसाळा मोहिमेत काढलेलं आणि त्याच दिवशी नदीतून गेलेलं सैन्य परेडच्या मैदानावरचं दिसणार नाही. गुडघ्याखालचा ओला चिखल मी मुद्दाम ठेवलाय आणि तो तसाच राहील.

शिवाय टेबलावरची फिगर आपण तीन फुटांवरून बघतो. 28 मिलिमीटरच्या मापात ते खऱ्या माणसाला पन्नासेक मीटरवरून बघण्यासारखं झालं. इतक्या अंतरावर नाजूक छटा एकमेकींत मिसळून जातात, म्हणून सावली आणि उजेड दोन्ही वाढवूनच रंगवावे लागतात. काचेच्या कपाटात ठेवायची एकच फिगर असेल तर ग्लेझिंगला (पारदर्शक रंगाचे पातळ हात देण्याला) तोड नाही, हे मी आनंदाने मान्य करतो. चोवीस जणांची पलटण, अशा सहा पलटणी, हे काम वेगळं आहे.

एक गोष्ट तुमची बरोबर. फोटोत 78व्या पलटणीचं फेसिंग पांढरं दिसतंय. फिगरवर ते बफच, म्हणजे फिकट पिवळसर आहे (70.976), पिवळ्या दिव्याने घात केलाय. 74व्याचं पांढरं, 78व्याचं बफ, हा फरक दिसायलाच हवा, म्हणून फोटो बदलतो.

बेसच्या मापाचं उत्तर खेळाच्या नियमपुस्तकात आहे, ते बघा. धातू विरुद्ध प्लॅस्टिक या वादात मला पडायचं नाही.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा तुम्ही लेयरिंगने रंगवलेल्या पलटणीचे दोन फोटो टाका: एक जवळून, एक तीन फुटांवरून, दोन्ही एकाच दिव्याखाली. आणि मॅट व्हार्निशचा स्प्रे मारणार असाल तर पावसाळी हवेत मारू नका. दमट हवेत त्यावर पांढरट बुरशीसारखा थर धरतो आणि सगळी मेहनत झाकली जाते. या दिवसांत ब्रशनेच लावा.